प्रदर्शनात रत्नं आणि दागिने घेताना: खिशातलं भिंग, दारातला उजेड, हातातलं बिल

मावशीची माणकाची अंगठी सैल व्हायला लागली, म्हणून ती लहान करायला नेहमीच्या सोनाराकडे दिली. त्याने कडी कापली, थोडं सोनं काढलं आणि सांधा जोडायला फुंकणीची ज्योत लावली. ज्योत खड्यापासून बोटभर लांब होती. तरीही मिनिटभरात माणकाच्या पोटात पांढुरक्या रेषा उमटल्या आणि वरच्या पैलूवर बारीक खड्डे पडले. सोनाराचा चेहरा उतरला. त्याने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, ह्यात काच भरलेली आहे. मला आधी सांगायला हवं होतं."

आम्हालाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय? अंगठी दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून घेतली होती. बिल शोधलं, तर त्यावर एवढंच लिहिलेलं: "लेडीज रिंग, लाल खडा, १ नग." बिलावरचा फोन लागेना आणि पत्त्यावर तसं दुकानच नव्हतं. त्या दिवसापासून मी भिंग पर्समध्ये ठेवते. पुढे रत्नं तपासायचं रीतसर शिकले आणि गेली बरीच वर्षं ओळखीच्या लोकांबरोबर प्रदर्शनांना जाते आहे. जे सांगते आहे ते त्या अनुभवातून.

प्रदर्शनात आणि पेठेतल्या दुकानात मुख्य फरक हा की स्टॉल तीन-चार दिवसांत उठतो. नेहमीचा सोनार चुकला तर उद्या त्याच्या पायरीवर जाता येतं. इथे तुमच्याजवळ उरतं ते फक्त बिलावर लिहिलेलं. म्हणून तपासायचं ते स्वतः आणि तिथेच, आणि जे तपासता येत नाही ते बिलावर लिहून घ्यायचं. खालची प्रत्येक पायरी ह्याचसाठी आहे.

जाण्याआधी

प्रदर्शन कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघा. मुंबईत बीकेसी आणि गोरेगावला भरणारा इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो व्यापाऱ्यांचा आहे. तिथे नोंदणी केलेल्या धंदेवाल्यांनाच प्रवेश मिळतो आणि मालही घाऊक असतो. जयपूरला डिसेंबरात भरणाऱ्या ज्वेलरी शोमध्ये व्यापारी आणि ग्राहक दोघंही जातात. आपल्याकडे लग्नसराईच्या तोंडावर हॉटेलांत आणि मंगल कार्यालयांत भरतात ती थेट ग्राहकांसाठीची. तिथे जयपूर, सुरत, कोलकाता, हैदराबाद अशा ठिकाणचे स्टॉल असतात. "घाऊक भावात" अशी पाटी दिसली तरी ते किरकोळ विक्रीचंच ठिकाण असतं, हे मनात पक्कं असू द्या.

काय घ्यायचं आणि कशासाठी, हे घरीच ठरवा. रोज घालायची अंगठी असेल तर पाचू टाळलेला बरा. तो कठीणपणात दहापैकी साडेसात-आठच्या घरात असला तरी आतून भेगाळ असतो आणि ओट्यावर आपटला की टवका उडतो. माणिक आणि नीलम दोन्ही कुरुंद ह्या एकाच खनिजाचे, कठीणपणा ९, रोजच्या वापराला धडधाकट. मोती आणि पोवळं घाम आणि अत्तर सोसत नाहीत. आणि पुढेमागे मोडायला काढू असा विचार असेल, तर पैसा सोन्यात जास्त आणि खड्यात कमी असा दागिना घ्या. मोडीत घालताना सोन्याचा भाव मिळतो, लहानसहान खड्यांचा बहुतेक ठिकाणी शून्य धरतात.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्या आहेत: दहापटीचं भिंग, पांढऱ्या उजेडाची छोटी विजेरी, दोन-तीन कोरे पांढरे कागद, वही आणि फोनमध्ये भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) बीआयएस केअर हे ॲप. शिवाय वजन माहीत असलेली स्वतःची एक साधी अंगठी. आदल्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे ती मिलिग्रॅमपर्यंत तोलून घ्या. प्रदर्शनातल्या काट्यावर तीच ठेवून बघितली की काट्याची परीक्षा होते.

भिंग धरायचीही रीत आहे. बहुतेक जण भिंग खड्याजवळ धरतात आणि लांबून बघतात, मग काहीच दिसत नाही. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरा, चष्मा असेल तर काचेला. दुसरा डोळा उघडाच ठेवा. दुसऱ्या हातात खडा धरून तो हळूहळू जवळ आणा. साधारण एक इंचावर तो एकदम स्पष्ट होतो. दोन्ही हात एकमेकांना टेकवले की थरथर थांबते. घरच्याच अंगठीवर आठवडाभर सराव करा, प्रदर्शनात पहिल्यांदा नको.

पहिला तास खरेदीचा नाही

गेल्या गेल्या सगळा हॉल एकदा फिरून घ्या. वहीत स्टॉल क्रमांक, दागिना, सांगितलेली किंमत आणि वजन टिपून ठेवा. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा: तुमचं कायमचं दुकान कुठे आहे, आणि पक्कं जीएसटी बिल द्याल ना? पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं किंवा दुसऱ्यावर "कच्च्यात केलंत तर कमी करू" असं म्हटलं, तर तिथून पुढे चला. दागिना कितीही आवडला असला तरी.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव खाली येतात, हे खरं आहे. पण तेव्हा गर्दी असते, विक्रेता आवराआवरीत असतो आणि तपासायला वेळ मिळत नाही. मला विचाराल तर पहिल्या दिवशी सकाळी अकराची वेळ उत्तम. माल पूर्ण असतो, माणसं ताजीतवानी असतात आणि बाहेर ऊन असतं. त्या उन्हाचं महत्त्व मोठं आहे.

उजेड

स्टॉलवरचे दिवे विक्रेत्याने निवडलेले असतात. हिऱ्यांवर निळसर पांढरा झोत टाकला की पिवळट हिराही शुभ्र दिसतो. माणकावर पिवळा, उबदार दिवा टाकला की लाल रंग पेटून उठतो. नीलमाचं उलट होतं: पिवळ्या दिव्यात तो मळतो, म्हणून त्याला थंड पांढरा दिवा देतात. हे सगळेच करतात आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण तुम्ही दागिना त्या दिव्याखाली घालणार नसता.

म्हणून खडा उजेडात न्यायची परवानगी मागा. स्टॉलवरचा माणूस बरोबर येईल, येऊ द्या. हॉलच्या दाराशी किंवा खिडकीपाशी, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर खडा ठेवा. मागे एका मैत्रिणीसाठी नीलम बघत होतो. स्टॉलवर तो मोराच्या मानेसारखा निळा होता, दारात आणल्यावर शाईच्या थेंबासारखा काळा पडला. पुढचं काहीच तपासावं लागलं नाही.

रंगीत खडा कागदावर बाजूने, कडेवर उभा करूनही बघा. काही नीलमांत रंग फक्त तळाच्या टोकाशी असतो आणि बाकी खडा पाण्यासारखा. वरून बघताना तो थेंबभर रंग सगळीकडे पसरलेला दिसतो. मग सुटा खडा छापील मजकुरावर ठेवा. मधोमध अक्षरं स्वच्छ वाचता आली तर खडा उथळ कापलेला आहे. उजेड परत फिरण्याऐवजी तळातून निसटून जातो आणि खड्याच्या मध्ये कायम फिकट खिडकी दिसते. अशा खड्याला पूर्ण भाव देऊ नये.

सोन्याची शुद्धता: सहा अक्षरांचा आकडा

१ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. शुद्धतेचा शिक्का २२के९१६, १८के७५०, १४के५८५ असा असतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. ह्या खुणा इतक्या बारीक असतात की भिंगाशिवाय वाचणं कठीण. बांगडीच्या आतल्या बाजूला, हाराच्या कडीजवळच्या पट्टीवर, कानातल्याच्या दांडीवर शोधा.

आकडा सापडला की बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. ॲप दाखवतं ते नीट वाचा: सराफाची नोंदणी, तपासणी केंद्राचं नाव, हॉलमार्क झाल्याची तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार. हा प्रकार बहुतेक जण वाचत नाहीत. हातात हार असताना ॲपवर "अंगठी" आलं, तर तो आकडा दुसऱ्याच दागिन्याचा आहे. सराफाचं नावही स्टॉलच्या पाटीशी ताडून बघा. माल दुसऱ्या सराफाकडून आणलेला असू शकतो, पण मग तसं विचारून घ्या.

सगळ्याच दागिन्यांना हॉलमार्क लागत नाही, आणि प्रदर्शनात नेमका असा माल भरपूर असतो. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने सक्तीतून वगळलेले आहेत. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामालाही सूट आहे. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्यांनाही ती आहे. म्हणजे लाखालाखाचा पोलकीचा हार शिक्क्याशिवाय विकला जातो आणि ते नियमबाह्य नसतं. तिथे सोनं किती कॅरेटचं, निव्वळ सोनं किती ग्रॅम आणि परत घेताना हिशोब कसा धरणार, हे तिन्ही बिलावर लिहून घेतल्याशिवाय हार उचलू नका.

स्टॉलवर कॅरेटमीटर दाखवतील. यंत्र चांगलं असतं, पण ते पृष्ठभागाचाच कस सांगतं. वर जाड मुलामा असेल तर आतलं सोनं त्याला दिसत नाही. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता पुढे कमी निघाली, तर वजनाच्या प्रमाणात फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क बीआयएसच्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. त्यासाठीही बिल लागतंच.

वजन: सर्वांत जास्त पैसे इथे जातात

लोक खोट्या रत्नांना घाबरतात. माझ्या पाहण्यात त्याहून जास्त पैसे खड्याचं वजन सोन्याच्या भावाने देण्यात जातात.

एक हिशोब मांडते. समजा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. हाराचं एकूण वजन २४ ग्रॅम, त्यात खडे आणि पोकळीत भरलेली चिकट लाख मिळून ३.५ ग्रॅम. निव्वळ सोनं २०.५ ग्रॅम, त्याचे २,०५,००० रुपये. घडणावळ १२ टक्के, म्हणजे २४,६००. खड्यांचे १५,०००. बेरीज २,४४,६००, त्यावर ३ टक्के जीएसटी ७,३३८, एकूण २,५१,९३८ रुपये. आता तोच हार एकूण वजनावर लावला तर सोन्याचे २,४०,०००, घडणावळ २८,८००, खड्यांचे १५,०००, जीएसटी ८,५१४, एकूण २,९२,३१४. चाळीस हजारांहून जास्त रुपये लाखेसाठी आणि एकदा भरलेल्या खड्यांसाठी पुन्हा.

हा फरक टाळायला एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं मागा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं दाखवणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. खड्यांचं वजन कॅरेटमध्ये सांगितलं तर पाचने भागा: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम (हे कॅरेट वजनाचं, सोन्याच्या शुद्धतेचं नव्हे).

आपल्या पारंपरिक दागिन्यांत हे जास्त जपावं लागतं. बोरमाळेचे मणी पोकळ असून आत लाख भरलेली असू शकते. ठुशी, चिंचपेटी आणि वज्रटीक कापडी पट्टीवर किंवा दोऱ्यात ओवलेल्या असतात, आणि पट्टी, गोंडा, दोरा हे सगळं काट्यावर चढतं. गोंडा बाजूला धरून तोलायला सांगा. पट्टी काढता येत नसेल तर तिचं वजन किती धरून वजा केलंय ते विचारा.

काट्यावर काचेची झाकणपेटी असावी. वातानुकूलित हॉलमध्ये वाऱ्याच्या झोताने मिलिग्रॅमचे आकडे हलतात. मोकळी ताटली ठेवल्यावर काटा शून्यावर आहे का ते बघा, मग तुमची अंगठी ठेवा.

आणखी एक. पेठेत आता तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या "चार तोळ्यांच्या" म्हणून घडणावळीचा अंदाज बांधत असाल तर कोणता तोळा ते आधी ठरवा. रत्नांत रत्तीचा असाच घोळ आहे. सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, सुमारे ०.१२ ग्रॅम. रत्नवाल्यांची रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅम. कुणी "सव्वापाच रत्तीचा पुष्कराज घाला" असं सांगितलं असेल, तर एका मापाने तो सव्वातीन कॅरेटच्या आत भरतो आणि दुसऱ्याने पावणेपाच कॅरेटच्या आसपास. कॅरेटमध्येच विचारा, कॅरेटमध्येच लिहून घ्या.

रंगीत रत्नं

बाजारातल्या माणिक-नीलमांना बहुतेक वेळा भट्टीत तापवलेलं असतं. रंग खुलवायची ही जुनी, मान्य रीत आहे आणि रंग टिकाऊ असतो. फक्त न तापवलेला खडा कितीतरी महाग असतो, म्हणून "अनहीटेड" हा शब्द प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय मानू नका.

काच भरलेलं माणिक ही वेगळी गोष्ट आहे. २००४ च्या सुमारास हे खडे बाजारात आले. भेगांनी भरलेलं, जवळजवळ टाकाऊ माणिक घेऊन त्या भेगांत शिशाची काच वितळवून भरतात. खडा एकदम पारदर्शक दिसतो. भिंगातून त्याला हळूहळू डोलवा. भेगांच्या जागी निळी-जांभळी चमक क्षणभर उमटून जाते, काचेच्या तुकड्यावर तेल सांडल्यासारखी. भेगांच्या पातळीत चपटे बुडबुडेही दिसतात. वरच्या पैलूवर उजेड तिरका पाडला की काच भरलेल्या रेषा भोवतालच्या माणकापेक्षा मंद दिसतात. असा खडा सोनाराच्या ज्योतीत टिकत नाही आणि लिंबाच्या रसानेही खराब होतो. कमी किमतीत, खरं सांगून विकला तर तक्रार नाही. मावशीने मात्र पूर्ण माणकाचे पैसे मोजले होते.

भट्टीत बनवलेली माणकं १९०२ पासून आहेत, म्हणजे आजीच्या पेटीतलं माणिकही कृत्रिम असू शकतं. त्यांच्या आत जुन्या ग्रामोफोन तबकडीसारख्या वळणदार रेषा आणि गोल बुडबुडे असतात. निसर्गात वाढलेल्या खड्यात रंगाच्या रेषा सरळ किंवा कोनात मोडलेल्या असतात, वळणदार कधीच नसतात.

पाचूत भेगा असायच्याच. भिंगातून शेवाळासारखं, झाडाझुडपांसारखं काहीतरी दिसतं, ते नैसर्गिकपणाचं लक्षण आहे. मोठा, आतून पूर्ण स्वच्छ आणि परवडणारा पाचू समोर आला तर तो काच, रंगवलेला दगड किंवा कारखान्यात वाढवलेला पाचू असण्याची शक्यता फार. भेगांत तेल मुरवणं ही पाचूची जुनी रीत आहे. थोडं तेल चालतं. जास्त असेल तर काही वर्षांनी ते सुकून भेगा पांढऱ्या पडतात. प्रयोगशाळा तेल किती आहे ते अहवालात लिहिते, तो शब्द वाचा. जयपूरच्या स्टॉलवर पाचूच्या मण्यांच्या माळा सुंदर असतात, पण मण्याच्या भोकात विजेरी मारून बघा. भोकाभोवती आणि भेगांत रंग साठलेला आणि बाकी मणी फिका दिसला, तर रंग वरून दिलेला आहे.

पुष्कराजाच्या नावाखाली सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ग्रहासाठी घेतात तो पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद. त्याच नावाने टोपाझही विकला जातो आणि पिवळा स्फटिकही. तिन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नुसत्या डोळ्यांनी ओळख पटणं अवघड. बिलावर "पुष्कराज" एवढंच नको, "नैसर्गिक पिवळा नीलम" असं हवं.

मोत्यांसाठी भिंग भोकाशी न्या. नकली मोत्याचा लेप भोकाच्या कडेला सोललेला किंवा गोळा झालेला दिसतो. मोती दातांवर हलकेच घासला तर खरा किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. पण ही परीक्षा संवर्धित (माणसाने शिंपल्यात वाढवलेले) आणि नैसर्गिक मोत्यांतला फरक सांगत नाही. "बसरा मोत्यांची नथ" म्हणून चढा भाव सांगत असतील, तर क्ष-किरण तपासणीचा अहवाल मागा. बसरा हे नाव नैसर्गिक मोत्याचं आहे आणि ते डोळ्यांनी सिद्ध होत नाही.

पोवळ्यावर फांदीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा असतात. एकसारखं, प्लॅस्टिकसारखं लाल असेल तर सोडून द्या. गोमेद, लसण्या स्वस्तात मिळतात म्हणून तपासणी टाळू नये, एवढंच.

"काश्मिरी नीलम", "बर्माचं माणिक", "कोलंबियाचा पाचू" ही नावं किमती वाढवतात. मूळ खाण कोणती ते मोठ्या प्रयोगशाळाच सांगू शकतात, आणि त्याही प्रत्येक वेळी नाही. स्टॉलवरच्या शब्दाला ह्या बाबतीत मोल देऊ नका.

हिरा

आज हिऱ्याबाबत पहिला प्रश्न खरा की खोटा हा नाही. खाणीतला की प्रयोगशाळेतला, हा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही हिराच असतो, तोच कार्बन. त्यामुळे हिरा ओळखायचं टेस्टर पेन त्याला हिराच म्हणतं, भिंगही म्हणतं आणि तुमची नजरही. पण ह्या हिऱ्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत कोसळल्या आहेत आणि परत विकताना फारसं काही हाती लागत नाही. हौसेने घेत असाल तर जरूर घ्या, फक्त किंमत त्याची द्या. बिलावर "नैसर्गिक हिरे" की "लॅब ग्रोन" हे शब्दांत लिहिलेलं हवं. बारीक हिऱ्यांच्या दागिन्यात दोन्ही मिसळलेले असू शकतात आणि ते फक्त तपासणी यंत्रात कळतं. म्हणून लेखी शब्दाची गरज तिथे सर्वांत जास्त.

मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, भिंगाने ओळखता येतो. वरच्या सपाट पैलूतून सरळ बघू नका, बाजूच्या पैलूतून तिरकं बघा. मागच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसल्या, जणू डोळे तिरळे झालेत, तर तो मॉइसनाइट. हिऱ्यात कडा एकेरीच असते. साधं टेस्टर पेन इथेही फसतं. झर्कॉनच्या नावाने विकला जाणारा क्युबिक झिर्कोनिया सुटा असेल तर वजनात कळतो, तो त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो.

रंग बघताना सुटा हिरा घडी घातलेल्या पांढऱ्या कागदात पालथा ठेवा, सपाट बाजू खाली, आणि बाजूने बघा. वरून चमक डोळे दिपवते, बाजूने पिवळेपणा लपत नाही. रंगाची श्रेणी डी (सर्वांत शुभ्र) पासून झेड पर्यंत असते. पिवळ्या सोन्यात जडवायचा असेल तर जे-के रंगही शोभून दिसतो, तिथे डी-ई साठी पैसे ओतण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा घाट, म्हणजे पैलूंची कापणी, चांगला बघा, चमक घाटातून येते. शिवाय ०.९५ कॅरेट आणि १ कॅरेट ह्यांच्या व्यासात केसाएवढा फरक असतो (गोल एक कॅरेट साधारण ६.५ मिलिमीटर), पण गोल आकडा गाठला की भाव उडी मारतो.

जीआयए किंवा आयजीआय ह्या रत्नं तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल असेल तर त्याचा क्रमांक तिथेच फोनवर त्यांच्या संकेतस्थळावर टाका. वजन आणि मिलिमीटरमधली मापं समोरच्या हिऱ्याशी जुळतात का बघा. खड्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असेल तर विक्रेत्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवायला सांगा. दुकानाच्या नावाचं चकचकीत कार्ड म्हणजे अहवाल नव्हे.

घडण

हे पटकन होतं. कानाजवळ दागिना हलवा, सैल खडा टिकटिकतो. हिऱ्याच्या अंगठीवरून ओढणीचा काठ फिरवा, धागा अडकला तर खडा धरणारे दाते उठलेले आहेत. फिरकी दहा वेळा लावून-काढून बघा. हार उलटा करा, मागची बाजू पुढच्याइतकीच साफ असेल तर कारागीर चांगला. बांगडी जाड दिसून हलकी लागली तर पोकळ आहे, चेपली तर दुरुस्त करणं कठीण.

बिल आणि पैसे

बिलावर हे यायलाच हवं: विक्रेत्याचं नाव, कायमचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक, दागिन्याचं वर्णन, एकूण आणि निव्वळ वजन, कॅरेट आणि एचयूआयडी, त्या दिवशीचा भाव, घडणावळ, प्रत्येक जातीच्या खड्याचं नाव, वजन, तो नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे. खाली एक ओळ हाताने लिहून सही घ्या: "मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालात वरील वर्णनाशी फरक आढळल्यास १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत." चांगले विक्रेते ही ओळ लिहून देतात. माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांना मिळाली आहे. जो देत नाही, त्याच्याकडे महाग खडा घेऊ नका.

पैसे कार्डाने किंवा बँकेतून द्या आणि ते बिलावरच्या नावाच्याच खात्यात जातात का ते बघा. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं विक्रेत्यालाच कायद्याने मना आहे. "पॅन नको, दोन बिलं करू" ह्या वाटेने जाऊ नका. तक्रारीच्या वेळी ती बिलं तुमच्याच विरुद्ध जातात.

डबीत घालण्याआधी दागिन्याचा आणि भिंगातून दिसणाऱ्या एचयूआयडीचा फोटो काढा. डबी तुमच्यासमोर भरली जाऊ द्या.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत

महाग रत्न असेल तर पहिल्याच आठवड्यात ते प्रयोगशाळेत द्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआयच्याही प्रयोगशाळा आहेत. जयपूरला पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाणारी आयआयजीजे-आरएलसी प्रयोगशाळा आहे. सुटा खडा नीट तपासता येतो, जडवलेल्यावर मर्यादा येतात. म्हणून जमलं तर खडा सुटा घ्या, अहवाल आणा आणि मग आपल्या सोनाराकडून जडवून घ्या. हॉलमार्कच्या सोन्याची शंका आली तर बीआयएस मान्य तपासणी केंद्रात ग्राहक स्वतः दागिना नेऊ शकतो.

फरक निघाला तर फोन करा, पण त्याच दिवशी ईमेल किंवा रजिस्टर पत्रही पाठवा. त्याला अहवाल आणि बिलाची प्रत जोडा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. विक्रेता जयपूरचा असो वा कोलकात्याचा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडेच जाते.

मावशीच्या हातात "लाल खडा, १ नग" एवढंच होतं, म्हणून आम्ही कुठेच जाऊ शकलो नाही. मागच्या वर्षी तिने पुन्हा माणिक घेतलं, प्रदर्शनातूनच. दीड तास ती दाराशी उभी राहून भिंगातून बघत होती. बिलावर "नैसर्गिक माणिक, तापवलेलं, काच भरलेली नाही, २.१२ कॅरेट" असं लिहून घेतल्यावरच तिने पर्स उघडली.